हृदयातील लोटलेले दार

मातेच्या उदरात अर्भकाला श्वास घ्यावयाचा नसतो. प्राणवायू नाळेवाटे मिळतो. म्हणून हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात निसर्गाने एक लंबगोल वाट ठेविलेली असते. तिच्यातून उजवीकडील रक्त फुप्फुसांना वगळून थेट डावीकडे जाते. बाळाने पहिला टाहो फोडला की डावीकडील दाब वाढतो, पडद्याची पातळ झडप त्या वाटेवर दाबली जाते आणि यथावकाश चिकटते. निदान तसे व्हावयाचे असते. सुमारे चारांतील एका माणसात मात्र हे दार नुसते लोटलेले राहते, कडी लागत नाही. बहुतेकांना जन्मभर त्याचा पत्ताही नसतो.

मग अनर्थ घडतो तो कसा? पायाच्या खोल नीलेत झालेली रक्ताची गुठळी एरवी फुप्फुसात जाऊन अडकते. तेही संकटच, पण निदान पुढची वाट बंद असते. खोकताना किंवा कुंथताना उजवीकडील दाब क्षणभर चढतो, दार किलकिले होते, आणि नेमकी त्याच क्षणी गुठळी तेथे पोचली तर ती डावीकडे निसटते. मग मेंदू, मूत्रपिंड, आतडे, कोणत्याही अवयवाची रोहिणी ती बंद करू शकते. असा योग विरळाच. १८७७ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ युलियस कोनहाइम यांनी एका स्त्रीच्या शवविच्छेदनावरून हा मार्ग दाखविला: गुठळी पायात, आघात मेंदूत, आणि मध्ये हृदयाच्या पडद्यातील भले मोठे भोक!

आता त्यासाठी मरणाची वाट पाहावी लागत नाही. हाताच्या नीलेत बारीक बुडबुडे मिसळलेले मिठाचे पाणी सोडतात, रोग्यास कुंथावयास सांगतात, आणि ध्वनिलहरींच्या चित्रात बुडबुडे लगेच डाव्या कप्प्यात दिसले की दार उघडे समजावे. युक्ती मोठी साधी आहे.

उपाय तितका साधा नाही. इस्रायलचे पंतप्रधान एरियल शेरॉन यांना डिसेंबर २००५ मध्ये सौम्य झटका आला व हृदयात असेच छिद्र आढळले. ते बुजविण्याचा दिवस ५ जानेवारी २००६ ठरला. तोवर गुठळी होऊ न देणारे औषध सुरू होते. आदल्याच दिवशी मेंदूत प्रचंड रक्तस्राव झाला. २०१४ साली मृत्यू येईपर्यंत ते पुन्हा कामावर परतले नाहीत.

मांडीच्या नीलेतून नळी नेऊन छत्रीसारख्या चकत्यांनी दार बंद करता येते. साठीच्या आतील, आणि झटक्याचे दुसरे कारण न सापडलेल्या निवडक रोग्यांत त्याने पुन्हा झटका येण्याचे प्रमाण घटते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत दिसले. वृद्ध, रक्तदाब वा मधुमेह असलेल्या रोग्यात दार सापडले, तरी अपराधी बहुधा दुसराच असतो.