ठराव क्रमांक सात



माझे छापील भाषण तुमच्या हाती आहे. बोलीभाषा, ग्रंथालये आणि मराठी शाळा यांवर मला जे म्हणायचे ते त्यात आहे, आणि त्यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे. ते घरी जाऊन वाचा. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाला हे व्यासपीठ आयुष्यात एकदाच मिळते. उद्या संध्याकाळी मी पुन्हा तुमच्यातला एक श्रोता होईन. म्हणून आजचा वेळ मी ठराव क्रमांक सातला देणार आहे.

हा ठराव काय आहे ते इथे नव्याने सांगायला नको. तीन संमेलने तो विषय नियामक समितीपुढे गेला आणि तीनदा परत आला. पहिल्यांदा ‘विषय साहित्याचा नाही’ म्हणून आणि दुसऱ्यांदा ‘सध्या वातावरण बरोबर नाही’ म्हणून. तिसऱ्यांदा काय घडले ते रात्री साडेअकराला त्या खोलीच्या दाराशी जे उभे होते त्यांना ठाऊक आहे. कागदच सापडला नाही म्हणे! ठरावात मागण्या दोनच होत्या. माणूस मारला गेल्याची बातमी देताना मराठी वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी ‘कंठस्नान’ हा शब्द वापरणे थांबवावे, आणि शाळेतल्या पोरालाही कळतील अशा मराठीत युद्धातले नियम घालून देणारे चारही जिनीव्हा करार आणण्याचे काम साहित्यसंस्थांनी अंगावर घ्यावे.

एका शब्दासाठी एवढा आटापिटा कशाला, असे मला वीस वर्षे विचारले जाते. माझी आजी दुखणाईत असताना आई तिला गळ्यापासून खाली कोमट पाण्याने न्हाऊ घालायची. आजी म्हणायची, आज नुसते कंठस्नान. माझ्या कानात त्या शब्दाला पितळी घंगाळाचा आवाज आहे. तोच शब्द आज रोज ठळक टायपात येतो : अमक्या ठिकाणी चौघांना कंठस्नान. चिरलेल्या गळ्यातून वाहणाऱ्या रक्ताने देहाला घातलेली आंघोळ, असा त्याचा अर्थ. तो लिहिणाऱ्या उपसंपादकाला तो दिसत नाही आणि चहा पिता पिता वाचणाऱ्यालाही दिसत नाही. ज्या भाषेला स्वतःचा शब्द दिसेनासा झाला, तिला युद्ध कसे दिसणार?

आपल्या सैनिकांचा यात अपमान होतो, असे समितीतले एक सदस्य ओरडले होते. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचा आहे. आमच्याकडे पाऊस येत नाही, पण पलटणीतून मनीऑर्डर येते. सैनिक कोण ते मला कुणी शिकवू नये. लष्कराची स्वतःची निवेदने काढून बघा. ठिकाण, वेळ, संख्या, बस्स. गळा कापल्याचा उत्सव त्यांत नसतो. तो उत्सव वातानुकूलित स्टुडिओत बसलेल्यांचा आहे.

शब्दाला किंमत नाही म्हणणाऱ्यांनी ८ एप्रिल २००३ चा दिवस आठवावा. अमेरिकेने इराकवर हल्ला केल्याला तीन आठवडे होत आले होते. लोकसभेत ठराव यायचा होता आणि सत्ताधारी आणि विरोधक एका क्रियापदावर अडून बसले होते. इंग्रजीत नुसती नापसंती म्हणायची की थेट धिक्कार? शेवटी हिंदीतला ‘निंदा’ हा शब्द कामी आला आणि ठराव एकमताने झाला. देशाचे परराष्ट्र धोरण एका शब्दावर तोलले जात होते. आणि आपल्या विषय नियामक समितीला शब्द हा साहित्याचा विषय वाटत नाही!

ते युद्ध शब्दांनीच रचले गेले. ५ फेब्रुवारी २००३ रोजी कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेपुढे इराककडच्या संहारक शस्त्रांचे पुरावे मांडले. त्या दिवसांत परिषदेच्या दालनाबाहेरच्या ‘गेर्निका’च्या प्रतिकृतीवर निळा पडदा ओढला होता. बॉम्बखाली चिरडलेल्या गावाचे पिकासोने काढलेले ते चित्र. कॅमेऱ्यांना मागे एकरंगी पार्श्वभूमी हवी म्हणून तो पडदा लावल्याचा खुलासा झाला. तो खुलासा मी आजही मान्य करत नाही. पुढे सहाशेहून अधिक बातमीदार सैन्याच्या तुकड्यांबरोबर, त्यांच्याच गाड्यांत बसून, निघाले. संहारक शस्त्रे निघाली नाहीत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपल्या बातमीदारीतल्या चुका कबूल केल्या त्या २६ मे २००४ रोजी, दहाव्या पानावर. हे युद्ध संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत बसत नाही, ते बेकायदा होते, असे सरचिटणीस कोफी अन्नान त्याच वर्षी सप्टेंबरात म्हणाले. तोवर बगदाद पडून दीड वर्ष झाले होते. खोटे पहिल्या पानावर आले, खरे दहाव्यावर आणि कायदा त्यानंतर. हा क्रम तिथे चालला आणि तो आपल्याकडेही चालतो, म्हणून मी इतक्या लांबची गोष्ट सांगतो आहे. त्या महिन्यांत मराठीत ‘आनुषंगिक हानी’ असा मथळा मी वाचला आहे. बाजारात मेलेल्या बायकापोरांसाठी! भाषांतर करणाऱ्याने शब्दकोश पाहिला, माणसे पाहिली नाहीत.

आणि मग ती रात्र आली. ८ मे २०२५, भारत-पाकिस्तान संघर्षातली. ती तुम्ही सगळ्यांनी जागून काढली आहे. कराचीचे बंदर उद्ध्वस्त झाले, इस्लामाबादेत फौजा शिरल्या, असे वाहिन्यांमागून वाहिन्या सांगत होत्या. यातले काहीही घडले नव्हते. कॉम्प्युटर गेममधली दृश्ये लढाईची म्हणून दाखवली गेली. हवाई हल्ल्याचा भोंगा पार्श्वसंगीतासारखा वाजवत ठेवला गेला, इतका की नागरी संरक्षण यंत्रणेला वाहिन्यांना लेखी सांगावे लागले की भोंगा वाजवू नका, लोकांना तो खोटा वाटू लागेल. पूंछमध्ये तोफगोळ्याने मारल्या गेलेल्या एका मदरशातल्या शिक्षकाला पडद्यावर दहशतवादी ठरवले गेले. घरात मयत पडलेले असताना त्या कुटुंबाला आपला माणूस दहशतवादी नव्हता, हे जगाला सांगत बसावे लागले. पोलिसांनी खुलासा केला, पण नाव जायचे ते गेलेच. मला त्या शिक्षकाच्या बायकामुलांची या व्यासपीठावरून माफी मागायची आहे. मराठी माणसाच्या घरातही त्या रात्री तो पडदा चालू होता.

आपल्याला हे नवीनही नव्हते. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर दहशतवादी हल्ला सुरू झाला, तेव्हा पुढच्या दिवसांत कमांडो कुठे उतरत आहेत ते थेट दाखवले जात होते आणि पलीकडे बसलेले सूत्रधार ते पाहून फोनवर सूचना देत होते. त्या हल्ल्यातल्या कसाबच्या खटल्याच्या निकालात, २९ ऑगस्ट २०१२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांवर सणसणीत ताशेरे ओढले. मुंबईतल्या किती संपादकांनी ते पान वाचले? मी एकाला विचारले तेव्हा ‘कुठले पान?’ असे उत्तर मिळाले.

या मांडवात पहिल्या रांगेत असे काही लोक बसले आहेत जे रात्री नऊला चौकटीत बसून शेजारच्या देशाचे तुकडे करतात आणि सकाळी दहाला इथे येऊन करुणरसावर बोलतात. मी नावे घेत नाही. त्यांना ती ठाऊक आहेत, तुम्हालाही ठाऊक आहेत, आणि ठराव क्रमांक सातचा कागद कुणाच्या पिशवीत गेला तेही ठाऊक आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या छोट्या दैनिकांना आणि साप्ताहिकांना मात्र मी यात ओढणार नाही. त्यांनी अशा रात्री निदान थांबून, विचारून छापले.  

शब्दाने माणूस मरतो याचा निकाल न्यायालयात लागून गेला आहे. न्यूरेंबर्गमध्ये ज्यूद्वेष पसरवणाऱ्या ‘श्टुर्मर’ साप्ताहिकाचा संपादक युलियस श्ट्रायखर १९४६ साली फासावर गेला. त्याच्यावरचा मुख्य पुरावा त्याने वर्षानुवर्षे छापलेला मजकूर हाच होता. रवांडात १९९४ साली रेडिओवरून तुत्सींना ‘झुरळे’ म्हटले जात होते, आणि माणसांना आधी झुरळ केले की पुढचे काम सोपे जाते. त्या रेडिओच्या संस्थापकांतला एक फर्डिनांड नाहिमाना. विद्यापीठात इतिहास शिकवणारा प्राध्यापक, आपल्यासारखा पुस्तके लिहिणारा माणूस. आरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने ३ डिसेंबर २००३ रोजी त्याला जन्मठेप दिली. अपिलात ती तीस वर्षांवर आली. प्राध्यापकांनो, तुम्ही जरा ऐका.

१९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातले विसावे कलम सांगते की युद्धाच्या प्रचाराला कायद्याने मनाई असावी. अमेरिकेने त्या कलमावर आपली हरकत नोंदवून ठेवली. भारत १९७९ साली या करारात सामील झाला. आपण इतर काही कलमांवर आपले म्हणणे नोंदवले, विसाव्यावर नाही. म्हणजे ते आपण पूर्ण मान्य केले, आणि कपाटात ठेवले. आपल्या घटनेचे ५१ वे कलम आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर राखायला सांगते, तेही त्याच कपाटात.

मग सरकारने बंदी आणावी, असे मी म्हणतो का? मुळीच नाही. लेखणीविरुद्ध केलेला कायदा कुणावर चालतो ते टिळकांना १९०८ मध्ये मंडालेला पाठवले तेव्हाच महाराष्ट्राने पाहिले आहे. बंदीचे शस्त्र युद्धखोरावर उगारले जात नाही. ते ‘युद्ध का?’ विचारणाऱ्यावर उगारले जाते. म्हणून मी सरकारकडे गेलो नाही, तुमच्याकडे आलो आणि तीनदा परत गेलो.

आता मी जे सांगणार आहे ते छापील भाषणात नाही. वीस वर्षांत मी ते समितीलाही सांगितले नाही.

डिसेंबर १९७१, पाकिस्तानशी युद्ध. माझ्या आत्याचे यजमान छांबच्या आघाडीवर होते. युद्ध संपले आणि तार आली : बेपत्ता. मी नऊ वर्षांचा होतो. तार वाचायला मलाच पुढे केले, कारण घरात इंग्रजी अक्षरे ओळखणारा मी एकटा होतो. मला तो शब्द वाचता आला, त्याचा अर्थ सांगता आला नाही. आठवड्याने एका वृत्तपत्रात आले की आमच्या भागातले काही जवान शत्रूच्या कैदेत सुखरूप आहेत. त्यात त्यांचे नाव होते. गावाने साखर वाटली. महिन्याने त्याच वृत्तपत्रात आले, अनेक शत्रूंना कंठस्नान घालून वीरमरण. नाव तेच. गावाने सभा घेतली. त्यानंतर दुरुस्ती नाही, खुलासा नाही. माझे वडील त्या कचेरीत गेले, तेव्हा ‘बातमी वरून आली होती’ एवढेच सांगितले गेले. त्या वृत्तपत्राचे नाव मी तेव्हापासून उच्चारलेले नाही, आजही उच्चारणार नाही.

आत्याने कुंकू पुसले नाही. पुसायचे कुठल्या बातमीवर? पहिल्या की दुसऱ्या?

मी चौतीस वर्षांचा असताना मुंबईच्या एका ग्रंथालयात तिसरा जिनीव्हा करार इंग्रजीत वाचला. १९४९ चा. सत्तरावे कलम म्हणते की कैद झालेल्या सैनिकाला, छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत, घरी थेट कार्ड लिहू दिले पाहिजे. एक कार्ड. आपल्याकडे पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार कैदी होते, आणि या करारांचा कायदा आपण १९६० सालीच केला होता. त्यांच्या घरी कार्डे जात होती. आमच्या घरी असे कार्ड येणे आमचा हक्क होता, हे माझ्या आत्याला कुणी सांगितले नाही. शाळामास्तरांनाही ठाऊक नव्हते, आणि वृत्तपत्रवाल्यांना विचारायचे सुचले नाही. १९६५ आणि १९७१ या दोन युद्धांतले आपले ५४ जण बेपत्ता म्हणून नोंदले गेले. ते स्वतःकडे असल्याचे पाकिस्तान अधिकृतपणे नाकारत आले. कार्ड न येणे हा करारभंग आहे, हे विचारायला शब्दच नसतील तर घरच्यांनी विचारायचे कसे? मी त्या कराराचे मराठी पुष्कळ शोधले, मला सापडले नाही.

त्याच करारातले तेरावे कलम म्हणते की कैद्याला अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासून वाचवले पाहिजे. फेब्रुवारी २०१९ मध्ये आपल्या वैमानिकाची रक्ताळलेली चित्रफीत पाकिस्तानने दाखवली, तेव्हा भारताने याच करारावर बोट ठेवून निषेध केला आणि तो रास्त होता. त्या आठवड्यात आपल्या वाहिन्या तीच चित्रफीत किती वेळा दाखवत होत्या, ते मी वहीत मांडले आहे. मी एका संध्याकाळी मोजली. एकाच वाहिनीवर, तीन तासांत, एकोणतीस वेळा. ती वही मी समितीपुढे ठेवली होती. कुणी उघडली नाही.

या संमेलनात यंदा चौदा ठराव आहेत. रेल्वेच्या थांब्याचाही एक आहे, आणि तो मंजूर व्हावा अशी माझी इच्छा आहे. ठराव क्रमांक सात यादीत नव्हता. अध्यक्षाच्या अधिकारात मी तो उद्याच्या खुल्या अधिवेशनात स्वतः मांडणार आहे, समितीची शिफारस असो वा नसो. कराराच्या भाषांतराला मी सुरुवात केली आहे. तिसऱ्या कराराची पहिली सत्तर कलमे झाली आहेत. उरलेल्यासाठी कायदा जाणणारे आणि साधे मराठी लिहिणारे दहा लोक हवेत. नावे उद्या दुपारपर्यंत माझ्याकडे द्या.

आत्या २००९ साली गेली. तिच्या कपाळावर कुंकू होते. उद्या हात वर करताना तेवढे आठवा.