एका पेशीतले चार इतिहास



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे पुण्यात मनःपूर्वक स्वागत करते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह याच शहरात आहे आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रही इथेच. नव्या जिवाणू-प्रजातीला अधिकृत नाव हवे, तर तिचा नमुना निदान दोन देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. त्यामुळे जिवाणूला नाव काय द्यायचे, हा प्रश्न या शहराच्या चांगल्या ओळखीचा आहे.

मी वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका. म्हणून वर्गीकरणाबद्दल बोलताना मला आधी आठवतो तो पटकीचा जिवाणू. पेशीच्या बाह्य आवरणावरच्या शर्करासाखळीवरून त्याचे दोनशेहून अधिक गट पाडलेले आहेत. साथ आणतो तो फक्त ओ-१, असे आम्ही शिकलो आणि शिकवले. उरलेल्या सगळ्यांची बोळवण ‘ओ-१ नसलेले’ एवढ्यावर व्हायची. १९९२च्या अखेरीस मद्रासमध्ये पटकीचे रुग्ण येऊ लागले आणि त्यांच्यातला जिवाणू ओ-१च्या प्रतिद्रव्याला जुळेना. काही महिन्यांत साथ कोलकाता आणि बांगलादेशापर्यंत पोचली. जुन्या पटकीविरुद्ध प्रतिकारशक्ती कमावलेली प्रौढ माणसेसुद्धा आजारी पडली. या जिवाणूला ओ-१३९ हा क्रमांक मिळाला.

जनुके तपासल्यावर कळले, की हा कुणी परका नव्हताच. १९६१ पासून सातव्या महासाथीच्या रूपाने जगभर पसरलेल्या एल टोर पटकीचाच तो वंशज होता. फक्त शर्करासाखळी घडवणारा जनुकसमूह दुसरीकडून येऊन जुन्याच्या जागी बसला होता. विषाचे जनुकही मूळचे त्याचे नाही. ते एका जिवाणूभक्षी विषाणूने आणलेले असते, हे वॉल्डर आणि मेकालानोस यांनी १९९६ मध्ये दाखवले. औषधांना दाद न देण्याची ताकद आली एसएक्सटी नावाच्या फिरत्या जनुकखंडातून. म्हणजे पेशी एकच, पण देहाचा वंश एक, आवरणाचा दुसरा, विषाचा तिसरा आणि औषधरोधाचा चौथा. यातला कोणता वंश नावात लिहायचा?

हे घडते कसे, याचे एक फार सुंदर उत्तर प्रयोगशाळेने दिले. खाडीच्या पाण्यात हा जिवाणू कवचधारी जिवांच्या कायटिनवर वस्ती करतो. कायटिनचा स्पर्श झाला की तो आजूबाजूचा सुटा डीएनए आत ओढून घेऊ लागतो, हे २००५ मध्ये सिद्ध झाले. दोन वर्षांनी ब्लोकेश आणि स्कूलनिक यांनी याच मार्गाने ओ-१चा ओ-१३९ करून दाखवला.

आणि ही एकट्या पटकीची गोष्ट नव्हे. वूज आणि फॉक्स यांनी १९७७ मध्ये रायबोसोमच्या आरएनएवरून सजीवांच्या मुख्य शाखा मांडल्या, तेव्हा जिवाणूंचाही वंशवृक्ष आता पुरा होणार असे वाटले होते. १९९९ मध्ये ‘थर्मोटोगा मॅरिटिमा’चा जनुकसंच वाचला, तर त्यातली सुमारे चोवीस टक्के जनुके आर्किया जीवांच्या जनुकांशी अधिक जुळणारी निघाली. २००२ मध्ये ‘ई. कोलाय’च्या तीन वाणांची तुलना झाली. तिघांची मिळून जेवढी प्रथिने, त्यांतली जेमतेम एकोणचाळीस टक्के तिघांत सामाईक होती. नाव मात्र तिघांचे एकच! उलट ‘शिगेला’ खरे तर ‘ई. कोलाय’च्याच निरनिराळ्या शाखांतून पुन्हा पुन्हा उपजलेला, तरी त्याचे वेगळे नाव आपण राखले आहे, कारण आमांशाच्या रुग्णापुढे बसलेल्या डॉक्टरला ते हवे असते.

मग वंशवृक्ष मोडीत काढायचा का? डूलिटल यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकाने, निदान जिवाणूंपुरते, झाडाऐवजी जाळ्याचे चित्र पुढे ठेवले. मी त्या टोकाला जात नाही. २०११ मध्ये पटकीच्या दीडशेच्या आसपास जनुकसंचांवरून वंशवृक्ष रचला गेला, तो आयात तुकडे बाजूला ठेवून. तेव्हा कुठे सातव्या महासाथीच्या तीन लाटा बंगालच्या उपसागराकडून जगभर गेल्याचे स्पष्ट दिसले. झाड खरे आहे, पण पेशीच्या सगळ्याच जनुकांचे ते नाही. रुग्णाचा जीव अनेकदा त्या झाडाबाहेरच्या जनुकांवर अवलंबून असतो, याची मला मनापासून काळजी वाटते.

म्हणून या परिषदेकडे माझे दोन आग्रह आहेत. रुग्णालयाच्या अहवालात आणि संग्रहाच्या नोंदीत प्रजातीच्या नावाशेजारी प्लाझ्मिड, विषाणू आणि फिरते जनुकखंड लिहिण्याची एक सोपी, सर्वांना परवडणारी पद्धत आपण सुचवावी. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना त्या चर्चेत आधी बोलू द्यावे, कारण नोंद त्यांनाच करायची आहे. दुसरे असे, की पदवीच्या वर्गात अजूनही शर्करा-किण्वनाच्या तक्त्यावरून नाव सापडले की धडा संपतो. त्या नावापुढचे प्रश्न अभ्यासक्रमात यावेत.

आपल्या राहण्या-जेवणाची व्यवस्था आमच्या विद्यार्थ्यांनी पाहिली आहे. काही कमी पडले तर त्यांना निःसंकोच सांगा. आता उद्घाटकांना विनंती करते, की त्यांनी परिषदेचे उद्घाटन करावे.