अत्तराचे बारसे

(ट्रस्टच्या महोत्सवी संमेलनात बिट्टन मार्केट, भोपाळ येथे केलेले भाषण)



आम्ही बोलणारे नव्हे, बाटल्या भरणारे. तेव्हा आजच्या प्रसंगी आम्हांस उभे करण्यात चिटणीसांची काही चूक तर झाली नाही ना, अशी शंका आम्हांला कालपर्यंत होती. ‘तुम्ही आपल्या अत्तरांना नावे कशी देता, तेवढेच सांगा,’ असे त्यांनी म्हटल्यावर धीर आला. कारण या एका विषयात आम्ही पुष्कळ चुका केलेल्या आहेत.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ आणि आमच्या वहिनी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी ठरली, आणि नागपूरच्या कचेऱ्यांबरोबर जी मराठी कुटुंबे इकडे आली त्यांतले आमचे एक. वडिलांनी नोकरी केली, आम्ही अत्तराच्या नादी लागलो. कारखाना म्हणावयाचा तर मागची एक खोली. कनौजहून अत्तरे आणावयाची, येथे मिश्रण करावयाचे आणि सहा मिलिलिटरच्या बाटल्यांत भरावयाचे. एवढ्याशा बाटलीवर लेबल ते केवढे? त्यावर कायद्याने लिहावयाचा मजकूर लिहिला की नावाला करंगळीच्या नखाएवढी जागा उरते. म्हणून आमचा पहिला नियम तोकड्या नावाचा. तो आम्ही केलेला नाही, बाटलीने केलेला आहे.

जुन्या अत्तरवाल्यांना ही अडचण नव्हती. गुलाबाचे ते गुलाब, केवड्याचे ते केवडा. पुष्कळ द्रव्ये एकत्र केली की मजमुआ, म्हणजे शब्दशः गोळाबेरीज! आमच्या मते इतके प्रामाणिक नाव दुसरे नाही. पण ही नावे सर्वांची आहेत. ट्रेडमार्कचा १९९९ चा कायदा सांगतो की मालाचे नुसते वर्णन करणारे नाव सहसा कोणा एकाच्या मालकीचे होत नाही. उद्या आम्ही ‘गुलाब’ हे नाव आमचेच म्हणून अर्ज केला, तर मुंबईच्या नोंदणी कार्यालयातले लोक हसतील. (मध्य प्रदेशाचे अर्ज मुंबईकडेच जातात, हे आम्हांला उगाचच माहेरपणासारखे वाटते.) उलट अगदी निराळे नाव शोधावे, तर ते कोणीतरी आधीच घेतलेले असते. आम्ही एकदा आधी पाचशे लेबले छापली आणि मग वकिलांकडे गेलो. सुगंधी द्रव्यांच्या तिसऱ्या वर्गात ते नाव नोंदलेले निघाले. ती लेबले पुढे दोन वर्षे घरातील मुलांच्या वह्यांवर डकवून संपली.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती आपणा भोपाळच्या मराठी माणसांची खास. घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि अत्तराचा जुना शब्दकोश सगळा उर्दू-फारसी. आमच्या वहिनींनी पहिल्या उन्हाळ्यात हौसेने खसाच्या अत्तरावर ‘वाळा’ असे लिहिले. आपल्याला माठातले पाणी आठवले असेल. पण हाटाच्या दिवशी भाजी घ्यावयास आलेले गिऱ्हाईक लेबल वाचून विचारी, “वाला? कौन-सा वाला?” ‘बकुळ’ची तीच गत. ळ पाहून लोक अडखळत, आणि मौलश्री म्हणून सांगितले की लगेच ओळखत. आपला प्राजक्त येथे हरसिंगार होतो. एका संगीतप्रेमी मित्राने ‘राग’ या नावाने एक मालिका काढण्याचे सुचविले होते. हिंदीत ते गोड आहे. पण आपल्यापैकी कोणी बायकोला वाढदिवसाला ‘राग’ भेट देईल काय?

आता मातीच्या अत्तराची गोष्ट सांगतो, कारण आमचे सर्वांत आवडते तेच. भाजलेल्या मातीचे तुकडे पाण्यासह तांब्याच्या डेगेत घालतात, तोंड लिंपून खाली जाळ करतात, आणि वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात जाते. भपक्यात चंदनाचे तेल असते. ते हा वास धरून ठेवते. पहिल्या पावसाच्या या वासाला शास्त्रज्ञांनी नाव दिले ते १९६४ साली. ऑस्ट्रेलियातील बेअर व थॉमस या दोघांनी ग्रीक शब्द जोडून ‘पेट्रिकोर’ असा शब्द बनविला, आणि त्यांनाही हे ठाऊक होते की उत्तर प्रदेशात हा वास फार पूर्वीपासून बाटलीत भरला जात आहे. म्हणजे माल आधी, नाव मागाहून. आमच्या घरी हा क्रम रोजचाच!

‘मृद्गंध’ हे नाव आम्ही प्रथम घेतले होते. सुंदर आहे, पण येथील गिऱ्हाइकाला उच्चारता येईना, आणि जे नाव मागता येत नाही ते विकतही नाही. मग आम्ही ‘मृग’ ठेवले. आपल्याला मृग म्हणताच सातवा जून, ढग आणि पेरणी दिसते. हिंदी माणसाला हरीण दिसते, आणि अत्तराच्या दुकानात हरीण म्हणजे कस्तुरी. “असली है न?” असे लोक हळू आवाजात विचारू लागले. हा विनोद नव्हता. कस्तुरीमृग १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि जे आम्ही विकत नव्हतो त्याचाच संशय आमच्यावर येऊ लागला. ते नाव त्याच आठवड्यात काढले. आता ते अत्तर ‘आषाढ’ या नावाने जाते. इकडचा आषाढ आपल्यापेक्षा पंधरवडा आधी लागतो, पण पाऊस दोघांचा एकच. लग्नाच्या आहेरात मात्र ते कोणी घेत नाही. आषाढात लग्ने नसतात, मग बाटलीत तरी तो कशाला, असे एक आजीबाई आम्हांला सुनावून गेल्या. त्यांचे बरोबर होते. पण नाव आम्ही बदलले नाही.

आणखी एक नाव आम्ही बदलले, ते सांगितल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही. रातराणी आणि निशिगंध यांचे एक हलके मिश्रण जमले होते. त्याला आम्ही ‘रात की हवा’ म्हटले. तोकडे नव्हते, पण कानाला बरे लागे, आणि आम्ही खुशीत होतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी जुन्या शहराकडच्या एक वयस्कर बाई आल्या. त्यांनी वास घेतला, तो त्यांना आवडला, पैसे काढले आणि मग लेबल वाचले. बाटली त्यांनी फार सावकाश परत ठेवली. “भैया, खुशबू अच्छी है. यह नाम घर में नहीं रखा जाएगा,” एवढेच म्हणाल्या.

१९८४ च्या डिसेंबरात, २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेला वायू याच शहरावर पसरला. त्या रात्री हवेनेच हजारो माणसे नेली. अरेरा कॉलनीच्या बाजूस राहणारे आम्ही वाचलो. आम्ही भोपाळचेच, वासाचा धंदा करणारे, आणि हे नाव ठेवताना आमच्यापैकी एकालाही ती रात्र आठवली नाही. बाईंना आमचा राग आला नव्हता, हे आम्हांला अधिक लागले. त्या रात्री आम्ही तिघे चारशे बाटल्यांची लेबले कोमट पाण्यात भिजवून काढीत बसलो होतो. वहिनी मधेच उठून आत गेल्या, त्या बराच वेळ आल्या नाहीत.

तेव्हापासून आमच्या वहीत एक पान आहे. त्यावर न वापरावयाचे शब्द लिहिलेले आहेत. ‘हवा’ पहिला. ‘धुके’ आहे, ‘धुंद’ आहे. नवे नाव ठरले की ते आधी घरातल्या थोरांना नव्हे, तर जुन्या शहरातील दोन ओळखीच्या दुकानदारांना ऐकवितो. त्यांच्या कपाळावर आठी आली की नाव गेले.

बाहेरच्या जगातही नावांच्या गमती आहेत. पॅरिसच्या गेर्लें कंपनीने १९२५ साली आपल्या अत्तराला आपल्याकडील बागेचे नाव दिले, शालिमार. आणि आपल्याकडच्या घरांतून कौतुक होते ते ‘ईव्हिनिंग इन पॅरिस’च्या निळ्या बाटलीचे! १९५२ साली टाटांनी सौंदर्यप्रसाधनांची कंपनी काढली तिचे लॅक्मे हे नाव एका फ्रेंच संगीतिकेवरून आले, आणि ते मुळात आपल्या लक्ष्मीचेच फ्रेंच रूप. म्हणजे लक्ष्मी पॅरिसला जाऊन परत आली.

त्या रातराणीच्या मिश्रणाला अजून नाव मिळालेले नाही. १९२१ साली शानेलने नमुन्याचा पाच हाच आकडा नाव म्हणून ठेवला, तसे तुम्हीही करा, असे कोणी सुचविले. पण भोपाळात पाच नंबर, दहा नंबर ही बसच्या थांब्यांची नावे. गिऱ्हाईक अत्तर न मागता रस्ता विचारील. तूर्त आमच्या फळीवर त्या बाटल्या कोऱ्या उभ्या आहेत. संमेलन संपल्यावर येथून चालत पाच मिनिटांवर आमचे दुकान आहे. ज्यांना वेळ असेल त्यांनी यावे, मनगट पुढे करावे, आणि जे सुचेल ते वहीत लिहून जावे. वहीचे ते पान मात्र आधी वाचावे.