विद्यादान आणि दात्याची लेखी अट
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दापोली येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



जैन समाजाला दानाचे महत्त्व नव्याने सांगावे लागत नाही. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने घरातील बालकांनाही ठाऊक असतात. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर तर एका जैन व्यापाऱ्याच्या औदार्याचे स्मारक होय. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी द्रव्य दिले व मनोऱ्याला मातोश्रींचे नाव दिले. दृष्टी गेलेल्या त्या माउलीला सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ घंटेवरून कळावी, असा त्यामागे हेतू होता असे सांगतात. परंतु मनोरा दिसतो, ग्रंथालय दिसते; विद्यापीठातील एखादा अध्ययन-विभाग दिसत नाही. त्याला लागते ते अध्यापकांचे वेतन, गावोगाव हिंडण्याचा खर्च, मोजमापाची साधने, नियतकालिकांची वर्गणी. यांवर कोनशिला बसवता येत नाही. मानववंशशास्त्रासारख्या विषयाला दाता मिळणे म्हणूनच दुर्घट ठरते.

या शास्त्राच्या महाराष्ट्रातील इतिहासाचा एक धागा दापोली तालुक्यात येऊन पोहोचतो. मुरूडचे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या स्नुषा इरावतीबाई (१९०५–१९७०) या त्या शास्त्राच्या येथील अग्रणी. मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी अध्ययन केले ते दक्षिणा शिष्यवृत्तीवर. पेशव्यांच्या काळी विद्वानांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा निधी इंग्रजी अमदानीत विद्यालयाकडे वळला आणि त्यातूनच ही शिष्यवृत्ती निघाली. १९२८ मध्ये त्या जर्मनीस निघाल्या, तेव्हा ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी दारोदार वर्गणी गोळा केली त्या महर्षींचाच या प्रवासाला विरोध होता! खर्चासाठी डॉ. जीवराज मेहता यांनी कर्ज दिले. बर्लिनची डॉक्टरेट अशी उसन्या पैशांवर उभी राहिली.

परतल्यावर १९३१ ते १९३६ या काळात इरावतीबाईंनी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे प्रशासन सांभाळले. महर्षींनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या या विद्यापीठाला १९२० मध्ये कापडगिरण्यांचे मालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली होती. साडेतीन टक्के दराने तिचे वार्षिक व्याज ५२,५०० रुपये. मुद्दल शाबूत राहते आणि व्याजावर विद्या चालते, हा हिशेब व्यापाऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही. सर विठ्ठलदासांनी अटीही घातल्या होत्या, आणि त्यात वावगे काही नव्हते.

लेखी अटीचे मोल किती, ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या इतिहासावरून कळते. १८२१ मध्ये दक्षिणेच्या निधीतून सुरू झालेल्या पाठशाळेपासून हे कॉलेज वाढले. त्याच्या येरवड्याच्या वास्तूमागे सर जमशेटजी जीजीभॉय यांची देणगी होती. १९३४ मध्ये सरकारने कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी न्यायालयात गेले. त्यांच्या हाती मुख्य आधार होता तो त्या जुन्या देणगीचा. दात्याने विद्येसाठी दिलेले द्रव्य सरकारने विश्वस्त म्हणून स्वीकारले होते. ते सरकारला मनास येईल तसे वळवता येत नव्हते. अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी ही संस्था पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडली. भाषाशास्त्राचे डॉ. कत्रे, पुरातत्त्वाचे डॉ. सांकलिया आणि समाजशास्त्र-मानववंशशास्त्राच्या इरावतीबाई तेथे कामाला लागल्या. दाता १८५९ मध्येच निवर्तला होता. ऐंशी वर्षांनंतर त्याच्या कागदाने एका नव्या शास्त्राला जागा मिळवून दिली.

पुढे पुणे विद्यापीठातील मानववंशशास्त्र विभागाच्या उभारणीचे श्रेयही इरावतीबाईंकडेच जाते. गुजरातेतील लांघणज येथे सांकलियांसमवेत प्राचीन मानवी सांगाड्यांचा अभ्यास, ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) हा ग्रंथ, कोयना धरणाने विस्थापित झालेल्यांची पाहणी (१९६९), एवढा त्यांच्या कामाचा पल्ला होता. कोयनेची पाहणी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. धरणाच्या खर्चापुढे अशा पाहणीचा खर्च नगण्य. पण उठवलेल्या माणसांचे पुढे काय झाले, हे तिच्याशिवाय कळले नसते.

जैन समाजाने या विद्येचा लाभ घेतलेला आहे. डॉ. विलास संगवे यांचा ‘जैन कम्युनिटी : अ सोशल सर्व्हे’ हा ग्रंथ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि समाजाच्या पोटजाती, विवाह, चालीरीती यांचे शास्त्रशुद्ध चित्र प्रथमच समोर आले. तथापि कच्छ, सौराष्ट्र, राजस्थान येथून निघून दाभोळ, हर्णै, दापोलीच्या बाजारात स्थिरावलेल्या कुटुंबांची हकिकत अद्याप कोणी सांगोपांग लिहावयास हवी. ती वयोवृद्धांच्या स्मरणात आणि माळ्यावरच्या वह्यांत आहे. स्मरण आणि वही, दोन्हींना वाळवी लागते.

विद्यापीठ अनुदान आयोगाकडे वा शासनाकडे विभागाने मागणी करावी, ती योग्यच. परंतु ‘स्थानिक समाजाने काय दिले?’ असे कोणी विचारल्यास त्याचे उत्तर तयार असावे. विश्वस्त मंडळाने देवद्रव्य व ज्ञानद्रव्य यांस स्पर्श न करता एक स्वतंत्र निधी उभारावा. मुद्दल कायम ठेवावे. व्याज दरवर्षी मानववंशशास्त्राच्या एका विद्यार्थ्याला दापोली तालुक्यातील क्षेत्रकार्यासाठी द्यावे. विद्यार्थी कोणत्याही जातिधर्माचा असो. निष्कर्ष मनासारखा आला नाही म्हणून साहाय्य थांबवू नये, ही अटही करारात स्पष्ट शब्दांत असावी. ती नसेल तर ते संशोधन नव्हे, मानपत्र होईल. लेखनाची एक प्रत ट्रस्टच्या कपाटात जमा व्हावी. आणि विद्यापीठाशी पत्रव्यवहार करण्यापूर्वी येत्या चातुर्मासात घरोघरच्या जुन्या वह्यांची एक यादी तेवढी तयार व्हावी. कोणाकडे कोणत्या सालची वही आहे, लिपी कोणती, पाने किती, एवढे टिपले तरी पहिल्या विद्यार्थ्याला कामास आरंभ करता येईल.