माहेरचा संघ

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या गावच्या संघावरील निष्ठेने कुटुंबात कोणत्या आठवणी निर्माण होतात, यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने मला केली, तेव्हा मी प्रथम थोडा गोंधळलो. या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, शिष्यवृत्त्या यांविषयी बोलण्याची आपली प्रथा. तेथे क्रिकेट कोठून आले? परंतु विचार करता जाणवले की, आमच्या वडिलांनी मागे ठेवलेल्या चीजवस्तूंत मोजण्यासारखे फारसे काही नव्हते. होती ती मुंबईच्या संघावरील निष्ठा. आणि तिची वाटणी आम्हां भावंडांत न्याय्य झाली नाही. त्या वाटणीचीच हकीगत मी आज सांगणार आहे.

आमचे बिऱ्हाड गिरगावातल्या एका चाळीत होते. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते. रणजी करंडकाचा सामना ब्रेबोर्नवर असला, की रजा काढून ते मला घेऊन निघत. समुद्राच्या कडेकडेने चालत चर्चगेटला जायचे, डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी. 1958-59 साली मुंबईने बंगालला हरवून करंडक जिंकला, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. त्यानंतर 1972-73 पर्यंत सलग पंधरा वर्षे तो करंडक मुंबईबाहेर गेला नाही. आज हे सांगताना अद्भुत वाटते. पण त्या काळी आम्हांला त्यात काही विशेष आहे असे वाटतच नसे. पावसाळा यावा तसा करंडक येई. सतत जिंकणाऱ्या संघाचा अभिमान बाळगणे फार सोपे असते, हे समजण्याइतके शहाणपण त्या वयात कोठून असणार?

माझ्याहून चार वर्षांनी मोठी असलेली ताई घरीच राहत असे. मुलीच्या जातीने दिवसभर उन्हात परक्या पुरुषांच्या गर्दीत बसायचे काय, असे आई म्हणे, अण्णा गप्प बसत, आणि मी? मला तर डब्यातली भाजी अधिक वाट्याला येई, म्हणून मी खूषच होतो.

परंतु संध्याकाळी आम्ही परतलो, की पाने मांडलेली असत आणि ताई एक लाल बांधणीची चोपडी घेऊन बसलेली असे. अण्णांनी पहिला घास घेण्यापूर्वी तिचा पहिला प्रश्न होई. कोण किती धावांवर गेला, झेल कोणी घेतला, तो कोणत्या हाताने घेतला. अण्णा सांगू लागत. सांगता सांगता वाटीतली आमटी निवून जाई. मी मैदानावर होतो खरा, पण माझे अर्धे लक्ष शेंगदाणेवाल्याकडे. आज मला त्या सामन्यांतले जे जे आठवते, ते मी डोळ्यांनी पाहिलेले नसून ताईने अण्णांकडून वदवून घेतलेले आहे. आमच्या घरातला खरा सामना ब्रेबोर्नवर होत नसे, तो जेवणाच्या पानावर होत असे.

आणखी एक गोष्ट तिच्या ठायी होती, जी माझ्यात नव्हती. त्या पंधरा वर्षांत अंतिम सामन्यात मुंबईकडून राजस्थान सात वेळा हरला. आम्ही बापलेक विजयाचे पेढे खात असताना ताई एकदा म्हणाली, “अण्णा, राजस्थानच्या घरी आज कोणी जेवले असेल का हो?” अण्णा हसले. मी तर तिची थट्टाच केली.

1969 साली ताईचे लग्न होऊन ती नागपूरला गेली. चोपडी तिने बरोबर नेली. मार्च 1974 मध्ये बंगळूरच्या उपांत्य सामन्यात प्रसन्नाने गावसकरांचा त्रिफळा उडवला, वाडेकर धावचीत झाले, आणि पंधरा वर्षांची ती मालिका कर्नाटकाने खंडित केली. चौथ्या दिवशी ताईचे आंतर्देशीय पत्र आले. कुशल विचारण्याआधीच तिने लिहिले होते : वाडेकर खरोखरच धावचीत झाले, की छापण्यात चूक आहे? अण्णांनी ते पत्र पुष्कळ दिवस खिशात बाळगले होते.

आता 1991 च्या मे महिन्याकडे येतो. वानखेडेवर हरियाणाविरुद्ध अंतिम सामना. सुट्टीमुळे ताई मुलांसह माहेरी आलेली. शेवटच्या दिवशी मुंबईला 355 धावा हव्या होत्या आणि 34 धावांत तीन गडी गेले. मग तेंडुलकरच्या 96 धावा, आणि वेंगसरकर नाबाद 139. अवघ्या दोन धावांनी आपण हरलो. शेवटचा गडी धावचीत झाला आणि वेंगसरकरांना अश्रू आवरले नाहीत. हे सारे मी पाहिले, माझ्या मुलांनी पाहिले, ताईच्या मुलालाही मी बरोबर नेले होते. ताईला नेण्याचे माझ्या मनातही आले नाही. तोवर आई नव्हती, नको म्हणणारे कोणी नव्हते, तिकिटाला पैसे होते. तरीही आले नाही. घरी आलो तेव्हा थकलेल्या अण्णांजवळ ती चोपडी उघडून बसली होती. “सांग,” म्हणाली. मी सांगितले, तिने लिहिले, अण्णांनी डोळे मिटून ऐकले. अण्णांनी ऐकलेला तो शेवटचा सामना.

बंधुभगिनींनो, आपल्या महाराष्ट्रात रणजीचे संघ तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. मुलगी सासरी जाताना आपण तिचे नाव बदलतो, आडनाव बदलतो. संघाचे काय करावे याचा विचार आपल्या शास्त्रकारांनी केलेला नाही! नागपूरला ताईच्या घरी विदर्भाचे भक्त होते, आणि विदर्भ तेव्हा वर्षानुवर्षे हरत असे. त्या पराभवांची नोंद तिने त्याच चोपडीत मागच्या बाजूने केली, हे मला पुष्कळ उशिरा कळले. 1 जानेवारी 2018 रोजी इंदूरला दिल्लीचा पराभव करून विदर्भाने पहिल्यांदा करंडक जिंकला, तेव्हा मी अभिनंदनाचा दूरध्वनी केला. “अरे, आम्ही जिंकलो,” असे ती म्हणाली. ‘आम्ही’ हा शब्द मला किंचित बोचला, हे कबूल करतो.

मार्च 2024 मध्ये योग असा आला, की वानखेडेवरच मुंबई आणि विदर्भ अंतिम सामन्यात समोरासमोर उभे राहिले. मी ताईला बोलावून घेतले. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिने मैदानात प्रथम पाऊल टाकले. पायऱ्या चढताना तिने माझा हात धरला होता. बसल्यावर मात्र माझ्याकडे पाहिलेच नाही. विदर्भाला 538 धावा हव्या होत्या. पाचव्या दिवशी सकाळभर अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी एकही गडी पडू दिला नाही. वाडकरचे शतक झाले. माझ्या पोटात गोळा, आणि शेजारी ताई शांतपणे लिहीत बसलेली. उपाहारानंतर 353 वर वाडकर बाद झाला, आणि 368 वर सारे संपले. 169 धावांनी मुंबई जिंकली. करंडक बेचाळिसाव्या वेळी आपल्या घरी आला. लोक उभे राहून ओरडत होते. मीही उठलो, आणि ताईकडे पाहून पुन्हा बसलो. तिने चोपडी मिटली होती.

“ताई, तू कोणाच्या बाजूची होतीस?” मी विचारले.

“आधी मला एवढे सांग,” ती म्हणाली, “हे मैदान घरापासून इतके जवळ होते?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्यानंतर फेब्रुवारी 2025 मध्ये नागपूरच्या उपांत्य सामन्यात विदर्भाने मुंबईला 80 धावांनी हरवले. त्या रात्री मी दिवा मालवून पडलो होतो. दूरध्वनी वाजला. पलीकडे ताई होती.

“जेवलास का रे?” तिने विचारले.