व्हॉल्व्हच्या पेटीतले घड्याळ मागे का पडते?



ठिबकचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडणारी, बागेतल्या हवामानाची नोंद ठेवणारी पेटी आता काही बागायतदारांच्या शेडमध्ये दिसते. अशा पेटीत पुष्कळदा रास्पबेरी पायसारखा, तळहातावर मावणारा एकाच बोर्डाचा संगणक असतो. तो लिनक्सवर चालतो. त्याची वेळ चुकली की लगेच पेटी उचलून पुण्याला नेऊ नका. आधी वेळ किती चुकली ते मनगटावरच्या घड्याळाशी ताडून कागदावर लिहा. चूक किती, यावरूनच ती कशाची आहे हे कळते.

वेळ चुकली तर एवढे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. सकाळी 6 ला द्यायचे पाणी साडेअकराच्या उन्हात सुटते. संध्याकाळी 5 चा व्हॉल्व्ह रात्री साडेदहाला उघडतो. तोवर थ्री-फेज गेली असेल तर बाग कोरडीच राहते, आणि वीज असेल तर माणूस बॅटरी घेऊन उसाच्या कडेने मोटरीकडे जातो. आपल्या भागात बिबट्या असताना ही फेरी कोणाला परवडणारी नाही. द्राक्षात तर पान किती तास ओले राहिले यावरून केवड्याची फवारणी ठरवायची असते. घड्याळ मागे गेले की एकाच तासाच्या दोन नोंदी होतात, आणि हिशेबच बसत नाही.

आता कारणे बघू. तुमच्या मनगटी घड्याळाला लहानसा सेल असतो. रास्पबेरी पायच्या चौथ्या मॉडेलपर्यंत असे सेलवर चालणारे घड्याळ बोर्डावर नव्हतेच. 2023 साली आलेल्या पाचव्या मॉडेलमध्ये ते आहे, पण त्याचा सेल वेगळा घ्यावा लागतो. वीज गेली की संगणकाची वेळ थांबते. वीज आली की तो शेवटी लिहून ठेवलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागतो, आणि इंटरनेट मिळाले तर खरी वेळ मागून घेतो. नेट नसेल तर तसाच मागे राहतो. ही वेळ बहुधा तासातासाने लिहिली जाते. म्हणून चार तास वीज गेली तर घड्याळ चार ते पाच तास मागे दिसेल. परत वीज गेली की त्यात आणखी भर.

चूक बरोबर साडेपाच तासांची असेल तर गोष्ट निराळी. संगणक लंडनच्या वेळेवर राहिला आहे, एवढेच. उन्हाळ्यात लंडनची घड्याळे एक तास पुढे करतात, म्हणून तेव्हा हा फरक साडेचार तासांचा दिसतो.

खात्री करायची तर संगणकाच्या पडद्यावर 'टाइमडेटसीटीएल' हा एकच शब्द इंग्रजीत सलग टाइप करा. घरातला कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी हे सहज करील. तिथे स्थानिक वेळ आणि जागतिक वेळ अशा दोन ओळी येतात. जागतिक वेळ तुमच्या मनगटी घड्याळापेक्षा बरोबर साडेपाच तास मागे असेल, तर ती बरोबर आहे. फक्त विभाग 'एशिया, कोलकाता' करून घ्या. तीही चुकली असेल तर दोष वेळेतच आहे. त्याच पडद्यावर वेळ जुळली की नाही, 'येस' की 'नो', तेही लिहिलेले असते. 'नो' असेल तर नेट पाहा.

इथे बरेच जण फसतात. तारीख जुनी झाली की सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत, कारण त्यांचे प्रमाणपत्र संगणकाला अजून लागूच झालेले दिसत नाही. मग नेट गेले समजून सिमकार्ड बदलण्याचा खर्च होतो. आधी तारीख बघावी. दुसरे, लंडनची वेळ दिसते म्हणून काटा हाताने साडेपाच तास पुढे ढकलू नका. नेट आले की तो परत मागे येणार.

ज्या शेडला नेट टिकत नाही तिथे डीएस 3231 नावाचे सेलवरचे घड्याळ जोडून घ्या. सर्वसाधारण हवामानात ते वर्षाला साधारण एक मिनिट इकडेतिकडे होते, म्हणजे शेतीला पुरेसे झाले. मात्र जोडणाऱ्याला सांगा, तार 3.3 व्होल्टच्या पिनेला लावायची, 5 व्होल्टच्या नाही. स्वस्त पट्ट्यांवर सेल चार्ज करणारी जोडणी असते. बटणासारखा सीआर 2032 सेल चार्ज करायचा नसतो, तो फुगतो. शिवाय 5 व्होल्टने रास्पबेरी पायलाही इजा होऊ शकते. वेळ एकदा जुळली की ती या घड्याळात लिहून घ्यायला विसरू नये.

पेटी बसवणाऱ्याकडून आणखी एक काम करून घ्या: वीज आल्यावर वेळ खरी झाल्याशिवाय पाण्याचे वेळापत्रक सुरू होता कामा नये. नाही तर घड्याळ एकदम पुढे उडी घेते आणि मधली पाळी सुटून जाते. मोटर पेटीवरून चालत असेल तर दुरुस्तीआधी मेन स्विच पाडून फ्यूज खिशात ठेवा. चुकलेल्या घड्याळाने मोटर केव्हा सुरू होईल, सांगता येत नाही.