धुळीतील लोखंडाची साक्ष



या व्याख्यानमालेत विद्वान येतात, साहित्यिक येतात. तेथे कामगार संघटनेच्या माणसाने क्ष-किरणांवर बोलावे, हे काहींना नवलाचे वाटेल. परंतु धुळीचा प्रश्न आम्हांला पुस्तकाने घातलेला नाही. तो खाणीने घातला, आणि उत्तर शोधताना आम्हांला पुस्तकाचे दार ठोठवावे लागले. पदवी आमच्याजवळ नाही. तेव्हा जे समजले तेवढेच सांगू.

उकणी, नीलजई, मुंगोली, घोन्सा ही नावे आपल्याला परकी नाहीत. तेथला कोळसा ट्रकांतून आणि रेल्वेच्या सायडिंगवरून बाहेर जातो. राजूरच्या बाजूस चुन्याच्या भट्ट्या आहेत. सकाळी दोरीवर टाकलेले पांढरे कापड संध्याकाळी करडे होते, हे येथील प्रत्येक गृहिणी जाणते. तक्रार केली की उत्तर ठरलेले असते : "अहो, ही तर शेतातली माती!" आपणही तितक्याच ठामपणे म्हणतो, "छे, हा कोळसाच!" दोन्ही पक्ष खात्रीने बोलतात आणि पुरावा कोणाजवळच नसतो. आमचे म्हणणे असे की, साक्षीदार समोर आहे. ती धूळच आहे. तिला प्रश्न विचारता आला पाहिजे.

हवेतील धूळ मोजतात ती वजनाने. यंत्र हवा ओढते, गाळणीवर धूळ बसते, गाळणी तोलतात. 2009 साली ठरलेल्या राष्ट्रीय मानकांत दहा मायक्रॉनपर्यंतच्या धुळीची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम अशी आहे. हे मोजमाप आवश्यकच आहे. पण तराजूला किलोभर मीठ आणि किलोभर साखर सारखीच! धूळ किती, हे तो सांगतो. कोणाची आणि कसली, हे सांगत नाही. त्या मानकांतील बारा प्रदूषकांत शिसे, आर्सेनिक आणि निकेल हे आहेत, लोखंड नाही.

मग आम्ही लोखंडच का निवडले? कारण ते सगळीकडे आहे, पण प्रत्येक ठिकाणी निराळ्या वेषात आहे. आपली काळी माती ज्या बेसाल्ट खडकापासून झाली, त्यात वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक लोखंडाची ऑक्साइडे असतात. मुरलेल्या मातीत हे लोखंड बहुतांशी गंजलेल्या रूपात असते. कोळशात ते पुष्कळदा गंधकाशी जोडलेले, म्हणजे पायराईटच्या रूपात असते. कोळसा जळला की त्याच पायराईटची ऑक्साइडे होऊन राखेत उतरतात. मोटारींच्या ब्रेकमधूनही लोखंड झिजून हवेत येते. म्हणून नुसते "धुळीत लोखंड सापडले" असे म्हणून कोणावरही आरोप सिद्ध होत नाही. त्याचे रूप ओळखावे लागते.

येथे क्ष-किरण कामास येतात. रॉंटगेन यांनी ते 1895 साली शोधले. 1913 साली मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने दाखविले की, प्रत्येक मूलद्रव्याचे क्ष-किरण ठराविक असतात आणि त्यांत क्रमवार नियम असतो. दोन वर्षांनी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो गॅलिपोलीच्या रणांगणावर मारला गेला. युद्ध काय काय गिळते, त्याचे हे एक उदाहरण. संध्याकाळी गुरे गावात शिरली की गुराखी घंटेच्या नादावरून कोणाची गाय ते सांगतो. तसेच येथे आहे. धुळीवर क्ष-किरण टाकले की प्रत्येक मूलद्रव्य आपली घंटा वाजविते. लोखंडाची घंटा सुमारे 6,400 इलेक्ट्रॉन व्होल्टची. याने लोखंड किती आहे ते कळते.

रूप कळण्यास दुसरी युक्ती आहे. किरणांची शक्ती हळूहळू वाढवीत न्यायची. सुमारे 7,112 इलेक्ट्रॉन व्होल्टला शुद्ध लोखंडाचा उंबरठा येतो आणि तेथे ते किरण एकाएकी अधिक शोषू लागते. लोखंडाने प्राणवायूला इलेक्ट्रॉन दिले असतील, तर उरलेले अधिक घट्ट धरले जातात आणि उंबरठा काही इलेक्ट्रॉन व्होल्ट वर सरकतो. पूर्ण गंजलेल्या लोखंडाचा उंबरठा उंच, पायराईटचा खाली. उंबरठ्याची जागा आणि त्याचा घाट पाहून वेष ओळखता येतो.

ही विद्या परदेशातच राहिली असे नाही. नागपूर विद्यापीठात प्रा. मांडे यांनी क्ष-किरण वर्णपटाच्या अभ्यासाची परंपरा उभी केली, आणि उंबरठ्याचे हे सरकणे हा तेथील संशोधनाचा एक मुख्य विषय होता. पॅरिसच्या इव्हेट कोश्वा यांच्या गौरवार्थ 1982 साली निघालेल्या ग्रंथाच्या दोन संपादकांपैकी ते एक होते. गाळणीवरच्या कणभर धुळीला फार प्रखर किरण लागतात; तसे देणारे इंडस-2 हे यंत्र इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात आहे.

कोणी विचारील, रूप कळून कामगाराला काय लाभ? रक्तातले लोखंड आपल्याला जगविते. पण फुप्फुसात विरघळणारे लोखंड निराळे. हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची गाठ पडली की पेशी जाळणारे तीव्र कण निर्माण होतात. ही क्रिया फेंटन यांनी 1894 साली वर्णिली. पायराईटला ओल आणि हवा मिळाली की असे विरघळणारे लोखंड सुटते. अमेरिकेतील निरनिराळ्या कोळसा-प्रदेशांची तुलना करून 2005 साली संशोधकांनी दाखविले की, जेथील कोळशात शरीराला मिळू शकणारे लोखंड अधिक, तेथे खाणकामगारांच्या फुप्फुसाचा रोगही अधिक. एवढ्याने कार्यकारण सिद्ध झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण तराजूने दोन धुळी सारख्या ठरविल्या, तरी फुप्फुस त्या सारख्या मानीत नाही, हा संशय घेण्यास ते पुरेसे आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राखेतील आणि ब्रेकमधील लोखंडाचे रूप कधी सारखेच दिसते. तेव्हा सोबतचे तांबे, बेरियम, कणांचा आकार हेही पाहावे लागतात. उन्हाळ्यात धुळीचा मोठा भाग शेतमातीचाच निघाला, तर तो आपण मान्य केला पाहिजे. साक्षीदार बोलवायचा आणि साक्ष गैरसोयीची निघाली की त्याला खोटा ठरवायचा, हे आपल्या चळवळीला शोभणार नाही. मात्र एक लक्षात ठेवा. लोखंड मातीचे कूळ सांगते. ती उडविली कोणी, हे सांगत नाही. फुटलेल्या रस्त्यावरून ताडपत्रीविना धावणाऱ्या ट्रकाने उडविलेली माती ही माती असली, तरी जबाबदारी रस्त्याची आणि ट्रकाचीच.

तेव्हा आपण काय करावे? तोललेल्या गाळण्या फेकून न देता जपून ठेवाव्यात, अशी मागणी करावी. काळी माती, रस्त्याची धूळ, कोळसा, राख, चुना यांचे नमुने स्वच्छ पुड्यांत, जागा आणि तारीख लिहून जमवावेत. कारण ओळख पटविण्यास ओळखीचे चेहरे आधी हवेत. हे काम शाळेतील मुले आणि खाणीतील कामगार मिळून करू शकतील. मग विद्यापीठाचे दार ठोठवावे.

दोरीवरचे कापड रोज साक्ष देत आहे. ती नोंदवून घेणे आपल्या हाती आहे.